भेटीच्या खोलीतली वीट

मी वीट बोलतेय. भाजक्या मातीची, एका कोपऱ्याला टवका उडालेली, साधी वीट. विटेला कसलं आलंय आयुष्य, असं म्हणून नाक मुरडू नका. भिंतींमध्ये जन्म काढूनही जिची एक सोडून एकही भिंत कधी टिकली नाही, तिच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. तुम्हाला वेळ नसेल तर खुशाल निघा. मला घाई नाही, मी कुठे जातेय?

माझा जन्म चिखलाचा. लाकडी साच्यात दाबलं, उन्हात वाळवलं आणि भट्टीत घातलं. भट्टीतल्या त्या दिवसांबद्दल विचारू नका. बाहेर आले तेव्हा अंगाला लाली आली होती आणि टिचकी मारली की खणखणीत आवाज निघत होता. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणी ट्रकांत बसून गेल्या. कुणी शाळेच्या पायऱ्यांत गेली, कुणी कुणाच्या नव्या घरात. आमचा ट्रक एका उंच दरवाजातून आत शिरला आणि मागे दरवाजा बंद झाला. मला वाटलं, चला, मोठी इमारत दिसतेय, नशीब काढलं पोरीनं.

तो तुरुंग होता. त्याच्या भिंतीत लागले असते तरी चाललं असतं, पण आम्हाला नेऊन टाकलं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे कैद्यांना हातचं काम शिकवायचे. एका अंगाला सुतारकाम, दुसऱ्या अंगाला गवंडीकाम. आम्ही शिकण्याच्या विटा.

शिकण्याच्या विटा म्हणजे काय, ते सांगते. आम्हाला सिमेंट लावत नाहीत. सिमेंटनं एकदा धरलं की धरलं. म्हणून चुना आणि वाळू कालवून पातळसर माल करायचा आणि त्यात आम्हाला बसवायचं. भिंत उभी राहते, चांगली छातीएवढी होते, मास्तर ओळंब्याची दोरी सोडून बघतात, शाबास म्हणतात किंवा शिव्या घालतात. आठवडा संपला की ज्यानं बांधली त्यानंच ती हातोडीनं पाडायची. मग एकेक वीट खरवडायची, घासायची आणि परत ढिगात रचायची. पुन्हा नवा आठवडा, पुन्हा नवी भिंत. घासून घासून माझ्या कडा गोल झाल्या. एकदा एकानं घरच्या पत्राचा राग माझ्यावर काढला, तेव्हा कोपरा गेला. माणसं सुटायची, नवी यायची. मी तिथेच. खरं सांगायचं तर त्या तुरुंगातली जन्मठेप मलाच झाली होती.

माझं एकच मागणं होतं. एकदा, एकदाच खऱ्या भिंतीत लागावं आणि तिथेच राहावं.

आता मास्तरांबद्दल सांगते. ठेंगणे, रुंद पंजाचे, बोलायला फटकळ. उमर बांधकामावर गेलेली, गुडघे बोलायला लागले तेव्हा ही नोकरी धरली. मुलीच्या सासरी सांगायचे, "सरकारी शिक्षक आहे." कुठल्या शाळेत, ते कुणी विचारलं की खोकला यायचा. घरी गेल्यावर बायको म्हणायची म्हणे, "आधी आंघोळ करा, अंगाला कुलपाचा वास येतोय."

शेडमध्ये मात्र राजा माणूस. "थापी अशी पेनासारखी काय धरतोस? प्रेमपत्र लिहायचंय का?" असं म्हणायचे आणि मागून येऊन त्याचा हात आपल्या हातात धरून माल पसरायला शिकवायचे. कुणी आपण काय गुन्हा केला ते सांगायला लागला तर थांबवायचे. "ते कोर्टात सांगून झालंय ना तुझं? मला भिंतीचं सांग. सरळ आहे की वाकडी?" पाडायच्या दिवशी मात्र मास्तरांचं तोंड दुसरीकडे असायचं. डबा उघडायचे, नुसतेच झाकण लावायचे. वर्षानुवर्षं ते ऑफिसात जाऊन एकच रड गात होते, "साहेब, पोरांना एक तरी खरी भिंत बांधू द्या. नुसतं पाडायला शिकवून मी त्यांना बाहेर कुठल्या तोंडानं पाठवू?" साहेब म्हणायचे, बघू.

त्यांच्या हाताखाली एक जण आला. हाडं लांब, मान लांब, म्हणून सगळे त्याला उंट म्हणायचे. दारूच्या भरात एकाला ढकललं, तो दगडावर पडला आणि मेला, एवढंच मला माहीत. शेडमध्ये यायचा तेव्हा कुणाशी बोलायचा नाही. पहिली भिंत अशी बांधली की मास्तर म्हणाले, "ही भिंत आहे की रुसलेली सून? पाड." पाडली. दुसरी पाडली. पाडता पाडता त्याच्या हाताला वळण लागलं. मला उचलायचा, तळव्यावर एकदा फिरवायचा, चांगली बाजू बघायचा आणि मग ठेवायचा. इतक्या हातांतून गेले मी, पण तो हात वेगळा होता. मास्तर त्याच्या भिंतीजवळ गप्प उभे राहायला लागले, आणि मास्तर गप्प राहिले म्हणजे समजायचं की काम पसंत आहे.

उंटाची आई महिन्यातून एकदा भेटायला यायची. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, समोरचा माणूस तिला नुसता सावलीसारखा दिसायचा. भेटीच्या खोलीत तेव्हा एक लांब टेबल होतं. कैदी एका बाजूला, घरचे दुसऱ्या बाजूला, आणि टेबलावर हात ठेवायला मुभा होती. म्हातारी त्याचे दोन्ही हात धरून बसायची. भेटून आल्यावर उंट माल कालवता कालवता मास्तरांना सांगायचा, "मास्तर, ती बोटं चाचपून सांगते, तू नीट जेवत नाहीस. घट्टे हाताला लागले तेव्हा म्हणाली, काम करतोस वाटतं, बरं झालं."

मास्तर म्हणायचे, "मग जेव ना नीट, गाढवा."

उंटाची सुटका जवळ आली होती. म्हणजे येऊ शकत होती. उरलेली शिक्षा माफ करायची की नाही, ते एक समिती ठरवणार होती. समितीला दोन गोष्टी हव्या होत्या. हातात कामाचं प्रमाणपत्र, आणि बाहेर कुणीतरी काम द्यायला तयार. मास्तरांनी आपल्या ओळखीच्या ठेकेदाराचे पाय धरून त्याला तयार केलं. प्रमाणपत्राचं घोडं मात्र अडलं. परीक्षक म्हणाले, चुन्याची लुटुपुटूची भिंत चालणार नाही, सिमेंटची खरी भिंत दाखवा.

त्याच सुमारास भेटीच्या खोलीत टेबलाखालून काहीतरी आत आलं. काय आलं ते मला कळलं नाही, पण त्यावरून बराकीत मारामारी झाली आणि एक जण दवाखान्यात गेला. साहेबांनी मास्तरांना बोलावून घेतलं. मास्तर परत आले ते सरळ येऊन आमच्या ढिगावर बसले. नेमके माझ्यावर.

"उंटा, इकडे ये," म्हणाले. "खरं काम मिळालंय. सिमेंट ऑफिस देणार, विटा आपल्याच."

उंटाचं तोंड उजळलं. "कुठे?"

"भेटीच्या खोलीत. टेबल काढणार. मधोमध छातीपर्यंत भिंत, वर छतापर्यंत जाड काच. बोलायला फोन."

उंटानं हातातली थापी खाली ठेवली. मग म्हणाला, "दुसरं कुठलं काम नाही का, मास्तर? संडास, गटार, काहीही."

"विचारलं. नाही."

"तिला दिसत नाही हो. काचेतून ती काय बघणार?"

"माहीत आहे मला." मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "तू बांधली नाहीस तर बाहेरचा ठेकेदार येऊन बांधेल. भिंत होणारच आहे. तू बांधलीस तर सुटशील. मग घरी बसून धर तिचे हात, किती धरायचेत ते. तुला जबरदस्ती नाही. उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी त्यानं मान डोलावली. मी लबाडी करणार नाही, मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी माझं मागणं पुरं होत होतं. आम्हाला घमेल्यांतून वाहून नेलं तेव्हा माझ्या मनात दुसरा विचारच नव्हता.

उंटाबरोबर मदतीला तिघं होते. त्यातल्या एकाला वकील म्हणायचे, कारण सगळ्यांचे अर्ज तोच लिहून द्यायचा. वकील आत आल्यावर त्याला मुलगी झाली होती. बायको तिला टेबलावर बसवायची आणि हा तिचे पाय धरून बसायचा. तेवढाच काय तो बाप होता तो.

पहिल्या दिवशी माल कालवताना वकील हळूच म्हणाला, "सिमेंट कशाला एवढं घालायचं? आपला चुना आहेच की शेडमध्ये. विटांमधल्या वरवरच्या दरजांत सिमेंट लाव, आत आपला नेहमीचा माल. परीक्षा होईल, तुला कागद मिळेल, तू सुटशील. मग पडू दे की भिंत. पुन्हा टेबल येईल."

"पकडलं तर?" उंटानं विचारलं.

"कोण पकडणार? भिंतीला काय जीभ आहे?"

जीभ असती तरी मी काय बोलले असते कोण जाणे. उंटानं विचार केला आणि हो म्हणाला. त्याचं सुटणंही होत होतं आणि आईचा हातही वाचत होता. बाकीच्यांचीही दुवा मिळणार होती. शिपाई दारात जांभया देत होता. त्या दिवशी चार थर झाले, मीही त्यात बसले, आणि बसल्याबरोबर मला कळलं की हे तेच जुनं. तोच चुना, तीच वाळू.

सकाळी मास्तर आले. इतरांना अजून आणलं नव्हतं, एकटा उंट होता. मास्तरांनी भिंतीवर तळवा ठेवला. मग अंगठ्याचं नख दरजेत खुपसलं. वरचा पापुद्रा गेला आणि नख आत रुतलं. मास्तरांनी उंटाकडे पाहिलं. उंट जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, आता शिव्यांचा पाऊस पडणार.

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "का केलंस, ते विचारत नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही केलं असतं. फक्त एक सांग. ही पडणार कुठल्या बाजूला?"

उंटानं भिंतीकडे पाहिलं.

"आतल्या बाजूला पडेल, असं भिंतीशी बोलून ठेवलंयस का? वर काचेचं ओझं येणार. त्या बाजूला म्हाताऱ्या बसणार. पोरं चढणार, लाथा मारणार. तुझी आई चाचपडत येणार आणि पहिला हात कशावर टेकणार? ह्या भिंतीवर."

उंट खाली बसला. खरं सांगते, त्यांच्यापैकी कुणालाच हे सुचलं नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी भिंती पाडल्या त्या मोकळ्या शेडमध्ये, सगळ्यांना लांब उभं करून. भिंत पडते तेव्हा कुणाच्या तरी अंगावर पडते, हे त्यांच्या हातांना कधी कळलंच नव्हतं. आणि ज्याच्या एका धक्क्यानं एक माणूस गेला होता, त्याला हे आता कळलं. दोन्ही हातांनी डोकं धरून तो लहान मुलासारखा रडला. मास्तर शेजारी उभे राहिले. त्यांनी त्याला गप्प केलं नाही.

मग उंट उठला, हातोडी घेतली आणि चार थर पाडले. मला खरवडलं, पुसलं. शिपायानं विचारलं, "हे काय?" मास्तर म्हणाले, "ओळंब्यात नव्हती." खऱ्या सिमेंटचा माल कालवला गेला. मला आडवी बसवली, एक टोक कैद्यांच्या बाजूला, दुसरं घरच्यांच्या बाजूला, थापीच्या दांड्यानं वरून दोनदा ठोकलं. सिमेंटनं मला धरलं ते मला आजही आठवतं. थंड, घट्ट, सगळ्या बाजूंनी. ज्याची इतकी वाट पाहिली ते मिळालं आणि मला रडावंसं वाटलं.

वकील आला, त्यानं नव्या मालाचा रंग बघितला आणि त्याला काय ते समजलं. "स्वतःचं बघितलंस," एवढंच म्हणाला. उंट त्याला म्हाताऱ्यांचं, पोरांचं सांगायला गेला. वकिलानं पाठ फिरवली. त्या दिवसापासून विटा वाहायला तिघं होते, पण बोलायला उंटाशी कुणी नव्हतं.

भिंत झाली. कशी झाली ते मी सांगायला नको, मी तिच्यातच आहे. गिलावा न करता दरजा भरून उघडीच ठेवली, इतकी नीट होती. परीक्षक आले, ओळंबा लावला, लेव्हल लावली, खिळ्यानं दरज उकरायला गेले तर खिळाच वाकला. म्हणाले, "मास्तर, बाहेरच्या गवंड्याला लाजवेल असं काम आहे." मास्तरांनी नुसती मान डोलावली. प्रमाणपत्र आलं, त्यावर उंटाचं खरं नाव होतं. शेडमध्ये कुणालाच ते आधी ठाऊक नव्हतं.

काच बसवायच्या दिवशी मास्तर खोलीत एकटेच चौकट मोजत होते. बराकीवरचा जमादार आत आला. भला माणूस होता, आडून बोलायचा.

"मास्तर, तो तुमचा उंट दवाखान्यात आहे."

"ताप आलाय?"

"बराकीच्या लोखंडी दारात हात सापडला. उजवा. बोटांचा पार चुरा झालाय."

"दार काय आपोआप लागलं?"

"सगळे म्हणतात, वाऱ्यानं लागलं."

"जमादार, ते दार लोटायला दोन माणसं लागतात."

"मला कळत नाही का? पण तोही म्हणतोय, वाऱ्यानं. मी काय करू?"

मास्तर खाली बसले, माझ्याच बाजूला पाठ टेकून. "मी त्याला पाडायला लावली," ते म्हणाले. "मीच सांगितलं त्याला." जमादारानं खांद्यावर हात ठेवला. मग काचवाले आले म्हणून मास्तर उठले आणि त्यांनी चौकट धरली. काम थांबवता येत नव्हतं.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. ठेकेदार म्हणाला, वाईट वाटतं, पण एका हाताचा गवंडी घेऊन मी काय करू? समिती म्हणाली, काम नाही तर पुढच्या बैठकीत बघू. मास्तर अजून शेडमध्ये शिकवतात, असं झाडूवाले बोलतात. आता कुणाचा हात धरून शिकवत नाहीत, लांबूनच सांगतात. ऑफिसात खरी भिंत मागायला जात नाहीत. वकील माझ्यासमोर बसतो तेव्हा त्याची पोर काचेला तोंड लावते, काचेवर वाफ धरते, आणि तो फोन कानाला लावून नुसता बसतो. दार कुणी लावलं ते मला माहीत नाही. माझ्याकडे मात्र तो कधी बघत नाही.

आणि मग म्हातारी आली. नेहमीच्या सवयीनं टेबल शोधायला हात पुढे केला, तो माझ्यावर टेकला. शिपायानं तिला स्टुलावर बसवलं, फोन हातात दिला, सांगितलं, यात बोला. समोर उंट बसला होता. डाव्या हातात फोन, उजवा फडक्यात गुंडाळून मांडीवर खाली ठेवलेला. तिला काच कळली नाही. तिनं हात लांब केला, काचेवर आपटला, मागे घेतला.

"हात कुठे आहे रे तुझा?"

"मधे काच आहे, आई. आता हात धरता येत नाही."

"असं होय." तिनं फोन कानाशी नीट धरला. "मग जेवतोस की नाही, ते मला कसं कळायचं?"

"जेवतो मी. नीट जेवतो."

"काम?"

"चालू आहे."

तो काचेतून तिच्याकडे बघत होता. तिला टेबलावर हात धरता आला असता तर पहिल्या बोटालाच सगळं कळलं असतं. त्यानंच बांधलेल्या भिंतीनं ते झाकलं होतं, आणि त्या क्षणी त्याला त्याचं बरं वाटत होतं, ते मी त्याच्या तोंडावर बघितलं. त्याहून वाईट मी काही बघितलेलं नाही, भट्टी धरूनसुद्धा.

म्हातारीला करायला काही उरलं नव्हतं, म्हणून तिनं हात भिंतीवरच ठेवला. बोटं दरजांवरून फिरवत राहिली, जशी त्याच्या हातावरून फिरवायची. माझ्या टोकावरून, शेजारणीवरून, पुन्हा माझ्यावरून. अगदी सावकाश.

"भिंत छान बांधलीय रे," ती फोनमध्ये म्हणाली. "कुठे बोट अडत नाही. कुणी बांधली?"

उंटानं फोन घट्ट धरला.

"होता एक गवंडी इथे," तो म्हणाला.

तर अशी मी. आता मला कुणी पाडत नाही, घासत नाही. बाया येतात, म्हातारे येतात, पोरं येतात. बिचकत बसतात, अंग चोरून, भिंतीला नको लागायला म्हणून. तुमच्यावर वेळ न येवो, पण कधी या खोलीत यावं लागलंच, तर असं बसू नका. पाठ टेका, डोकं टेका, सगळा भार टाका माझ्यावर. मी पडणार नाही. तेवढ्यासाठी एका माणसानं आपला हात दिलाय.